आधी आजार निवडा, मग संस्था

कुष्ठरोगाचा जंतू एकच असतो, पण दोन माणसांच्या अंगात तो दोन वेगळे आजार उभे करू शकतो. एकाच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा येतो. त्या चट्ट्यातली कातडी तपासली तर जंतू शोधूनही सापडत नाहीत, कारण टी-पेशींनी त्यांना घेरून संपवलेले असते. मात्र या झटापटीत जवळची नस सुजते आणि कायमची निकामी होऊ शकते. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, कानाच्या पाळ्यांवर गाठी येतात. त्याच्या कातडीत जंतूंचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात. त्याच्या रक्तात अँटिबॉडी भरपूर असतात, पण हा जंतू पेशींच्या आत दडून बसत असल्याने त्यांचा फारसा उपयोग होत नाही. रिडली आणि जॉपलिंग या दोन डॉक्टरांनी १९६६ साली या दोन टोकांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या मांडून दाखवल्या. भारतात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण सापडतात, आणि यातला कोणता रुग्ण कोणत्या पायरीवर उभा राहील हे आधी सांगता येत नाही.

माझ्या मते इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेचं शास्त्र, शिकायला सुरुवात करण्यासाठी याहून चांगलं कोडं नाही. जंतू सारखा, औषध सारखं, गावही कदाचित तेच. वेगळं आहे ते शरीराने दिलेलं उत्तर. ते उत्तर वेगळं का येतं, कधी बिघडतं, आणि बिघडल्यावर दुरुस्त कसं करायचं, हे शोधण्यात आयुष्य घालवणारी माणसं आज परळपासून पुण्यापर्यंत आणि दिल्लीपासून वेल्लोरपर्यंत काम करत आहेत. ज्यांना त्यांच्यात सामील व्हायचं आहे त्या विद्यार्थ्यांसाठी, आणि मुलगी किंवा मुलगा 'रिसर्च' म्हणतोय म्हणजे नक्की काय करणार आहे हे न कळणाऱ्या पालकांसाठी, हे लिहितो आहे.

विद्यार्थी पहिला प्रश्न हमखास विचारतात तो कोर्सचा: "सर, इम्युनॉलॉजीसाठी कोणता कोर्स करू?" कोर्स, परीक्षा, पैसा हे सगळं पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट ठरवा, किमान तात्पुरती तरी: तुम्हाला कोणत्या आजाराचं कोडं सोडवायचं आहे? क्षयरोग, डेंग्यू, संधिवात, लहानपणीच लागणारा मधुमेह, तोंडाचा कॅन्सर, विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेला सिकलसेल? एक नाव वहीत लिहा.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. या शास्त्रातली तंत्रं दर पाच-सात वर्षांनी बदलतात. एके काळी एलायझा ही चाचणी उत्तम येते म्हणजे माणूस तयार समजला जायचा. आज एकेका पेशीतली हजारो जनुकं एकाच वेळी मोजली जातात. तंत्रामागे धावणारा विद्यार्थी दर वेळी पुन्हा नवशिका होतो. संस्थाही बदलतात: पीएचडी एका शहरात, पुढचं प्रशिक्षण दुसऱ्या देशात, नोकरी तिसरीकडेच. आजार मात्र बरोबर राहतो. त्या आजारावरचं तुमचं वाचन साठत जातं, त्याचे डॉक्टर तुम्हाला ओळखू लागतात, रुग्ण कसा येतो, कधी बिघडतो, औषध कधी सोडतो हे तुम्हाला समजू लागतं. पाच वर्षांनी नवं यंत्र आलं की त्याला काय विचारायचं हे तुमच्यापाशी तयार असतं.

एक उदाहरण घ्या. संधिवातात सांध्यात टीएनएफ नावाचं रसायन माजतं आणि बाकीची सूज त्याच्या मागोमाग येते, ही गोष्ट मार्क फेल्डमन आणि भारतात जन्मलेले रविंदर मैनी या दोघांनी लंडनमध्ये शोधली. १९९२ साली त्यांनी टीएनएफला अडवणारं औषध संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि वर्षानुवर्षं आखडलेले सांधे हलू लागले. या जातीच्या औषधांनी पुढे जगभर लाखो लोकांना उभं केलं. पण २००१ साली अमेरिकेत लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना क्षयरोग होतो आहे. फुप्फुसात क्षयाचे जंतू वर्षानुवर्षं ज्या पेशींच्या कोंडाळ्यात अडकून पडलेले असतात, ते कोंडाळं टिकवून ठेवायला हाच टीएनएफ लागतो. म्हणून आज भारतात संधिवाताच्या रुग्णाला असं औषध द्यायच्या आधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि माँटू किंवा रक्ताची चाचणी सांगतात. एकाच रसायनाची ही दोन रूपं ज्या देशात क्षय घरोघरी आहे तिथे जितकी नीट अभ्यासता येतील तितकी लंडनमध्ये येणार नाहीत. आपल्याकडच्या संशोधकाची खरी ताकद इथे आहे, आणि ती रुग्णालयाच्या जवळ राहिल्याशिवाय वापरता येत नाही.

दुसरं उदाहरण लहान मुलांचं. आपल्याकडे बाळाला जन्मतःच क्षयावरची बीसीजी लस टोचतात. बहुतेक मुलांच्या दंडावर एक व्रण राहतो आणि विषय संपतो. पण एखाद्या बाळाच्या काखेत गाठ येते, ती फुटते, तीच लस अंगभर पसरते. अशा बाळाच्या प्रतिकारयंत्रणेतला एखादा दुवा जन्मतःच तुटलेला असण्याची शक्यता असते. पॅरिसच्या जाँ-लोराँ कासानोव्हा यांनी अशाच मुलांच्या जनुकांतून मायकोबॅक्टेरियाशी, म्हणजे क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्या कुळाशी, माणूस नक्की कोणत्या वाटेने लढतो हे दाखवून दिलं. इंटरफेरॉन-गॅमाची ती वाट तुटली की साधी लसही जिवावर येते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा मुलांचं निदान होतं. वारंवार न्यूमोनिया, वारंवार गळू, घरात आधीच्या भावंडाचा लहानपणी मृत्यू असा इतिहास घेऊन आईबाप येतात, आणि लॅबमधला संशोधक काही तासांत सांगू शकतो की या बाळाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. निदान वेळेवर झालं तर पुढची औषधं, प्रसंगी अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण, हे सगळं शक्य होतं. संशोधन आणि उपचार यांच्यात इथे भिंत नाही.

आता हे काम रोज दिसतं कसं, ते जवळून सांगतो, कारण इथेच अनेकांचा अपेक्षाभंग होतो आणि अनेकांना गोडीही लागते.

समजा वॉर्डातून हिरव्या बुचाच्या नळीत दहा मिलिलिटर रक्त आलं. ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी बघू, असं चालत नाही; काही तासांत कामाला लागायचं. रक्तात तितकंच मिठाचं बफर मिसळायचं. दुसऱ्या नळीत फायकॉल नावाचं जड, पाण्यासारखं दिसणारं द्रव घ्यायचं. नळी तिरपी धरून, पिपेटचं टोक काचेला टेकवून, रक्त त्या द्रवावर इतकं सावकाश सोडायचं की दोघं मिसळणार नाहीत. हात थरथरला तर सगळं पुन्हा, आणि रक्त पुन्हा मिळत नाही. मग सेंट्रिफ्यूज, साधारण अर्धा तास, आणि त्याचा ब्रेक बंद ठेवायचा. ब्रेक लागला तर तयार झालेले थर हलतात. झाकण उघडलं की नळीत तळाला लाल पेशी, त्यावर नितळ फायकॉल, सगळ्यात वर पिवळसर प्लाझ्मा, आणि मधे दुधावरच्या सायीसारखं एक पातळ, ढगाळ कडं. त्या कड्यात टी-पेशी, बी-पेशी, मोनोसाइट असतात. तुमचं सगळं काम त्या कड्यावर चालणार असतं. ते अलगद उचलायचं, दोनदा धुवायचं, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत चमकतात. दहा मिलिलिटर रक्तातून साधारण एक कोटी पेशी हाती लागतात. त्यातल्या अर्ध्या आजच्या प्रयोगाला; उरलेल्या अर्ध्या, दर मिनिटाला एक अंश या गतीने थंड करत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये. रुग्ण दुपारी चारला आला असेल तर हे सगळं आटपेपर्यंत रात्र झालेली असते. ज्याला ही रात्र जड वाटते त्याने हे क्षेत्र निवडू नये, असं मी स्पष्ट सांगतो. त्यात कमीपणा काही नाही. शास्त्रात संध्याकाळी सहाला संपणारीही उत्तम कामं आहेत.

आणि हे नुसतं हातकाम आहे असं समजू नका. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जड असतात, त्या लाल पेशींबरोबर तळाला जातात; त्या कड्यात दिसायला नकोत. दिसल्या तर बहुतेक जण 'सॅम्पल खराब झालं' म्हणून पुढे जातील. ल्युपस, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अंगावर उलटण्याचा एक आजार, असलेल्या रुग्णांचं रक्त हाताळणाऱ्या संशोधकांनी तसं केलं नाही. १९८६ साली त्यांनी लिहिलं की या रुग्णांत हलक्या वजनाच्या न्यूट्रोफिल खरोखरच असतात. पुढे या हलक्या न्यूट्रोफिल पेशींवर एक अख्खं उपक्षेत्र उभं राहिलं. कडं रोजच्यापेक्षा जाड दिसलं, रंग वेगळा वाटला, तर वहीत लिहून ठेवा.

या पेशी पुढे फ्लो सायटोमीटरमध्ये जातात. रंगीत अँटिबॉडी चिकटवलेल्या पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात आणि कोणती पेशी कोणत्या जातीची, कोणत्या अवस्थेतली हे पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसतं. हे यंत्र तुम्हाला मनापासून यायला हवं. मुलाखतीत मी उमेदवाराला निकालापेक्षा कंट्रोल विचारतो: कोणता रंग कुठे सांडतो, सीमारेषा कशावरून ठरवली, मेलेल्या पेशी बाजूला काढल्या का? याची उत्तरं नीट देणारा पुढे बाकी सगळं शिकतो.

संख्याशास्त्राबद्दलही आत्ताच सांगून टाकतो. आर किंवा पायथॉन यातली एक संगणकभाषा एमएस्सीच्या पहिल्या वर्षातच शिकून घ्या. रुग्णांचा अभ्यास उंदरांसारखा नसतो. वय, मधुमेह, औषधं, पोटातले जंत, झोप, सगळं निकालात डोकावतं. सोमवारी तपासलेले सगळे रुग्ण आणि शुक्रवारी तपासलेले सगळे निरोगी, अशी मांडणी केली तर दिसणारा फरक आजाराचा की वाराचा, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आता शिक्षणाची वाट. बीएस्सी कोणत्याही जीवशास्त्रीय विषयात चालते: मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूऑलॉजी, बायोटेक्नॉलॉजी. बी.फार्म., पशुवैद्यक, इंजिनिअरिंग यांतून आलेले चांगले संशोधकही आहेत. 'इम्युनॉलॉजी' हे नाव पदवीवर असलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. पेशीशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र पक्कं असलेला विद्यार्थी या विषयात भरभर पुढे जातो, उलट दिशेने तसं होत नाही. एमएस्सीसाठी जॅम, सीयूईटी-पीजी, जैवतंत्रज्ञान विभागाची गॅट-बी या परीक्षा पाहा. विषाणूंमध्ये रस असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली एमएस्सी व्हायरॉलॉजी आहे. १९५२ पासून विषाणूंवर काम करणाऱ्या संस्थेत बसून शिकण्याला तोड नाही. पाठ्यपुस्तकांत अब्बास आधी वाचा, मग क्युबी, मग जेनवे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: पहिलं प्रकरण इंग्रजीत चारदा वाचा आणि मग मराठीत मित्राला समजावून सांगा. समजावता आलं नाही तर ते कळलेलं नाही.

पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआरची जेआरएफ, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी. टीआयएफआर-एनसीबीएससारख्या संस्थांच्या वेगळ्या परीक्षा. नेटच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात तेरा घटक आहेत आणि प्रतिकारयंत्रणा त्यातल्या एका घटकाचा भाग आहे. त्यामुळे केवळ आवडीचा विषय वाचून ही परीक्षा सुटत नाही. वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणही करावं लागतं. करा, कुरकुर न करता करा.

पैशाचं उघडपणे बोलू. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोला, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर, म्हणजे एसआरएफ, म्हणून ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं, असं मिळतं. ही रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात येईल असं मात्र धरू नका. फेलोशिप अडकण्याचे प्रसंग येतात. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिपही आहेत. त्यांच्या जागा आणि अटी बदलत राहतात, तेव्हा मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या माहितीवर न विसंबता जाहिरात स्वतः शब्दन् शब्द वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाईड. पाच-सहा वर्षं ज्यांच्या लॅबमध्ये काढायची त्यांची निवड अनेक जण नेटच्या निकालानंतरच्या आठ दिवसांत उरकतात. असं करू नका. संस्थेच्या नावापेक्षा लॅब पाहा. त्या लॅबचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा. लेखकांच्या यादीत डॉक्टर आहेत का, आणि तेच डॉक्टर पुन्हा पुन्हा दिसतात का? पुन्हा दिसत असतील तर रुग्णालयाशी नातं खरं आहे. दर वेळी वेगळं नाव असेल तर सॅम्पलसाठी वणवण करावी लागते. पेपरवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत? चालू ग्रँट कधी संपते? हे शेवटचं विचारायला मुलं लाजतात. विचारा, चांगल्या गाईडला या प्रश्नाचा राग येत नाही.

मग त्या लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला बाहेर घेऊन जा. पहिल्या वर्षाचा उत्साहात असतो, शेवटच्या वर्षाचा थकलेला. मधल्याकडून खरं कळतं. त्याला एकच विचारा: अपेक्षेच्या विरुद्ध निकाल आला तेव्हा सर किंवा मॅडम काय म्हणाल्या? 'पुन्हा कर, पण कंट्रोल वाढव' हे उत्तर असेल तर लॅब चांगली. 'निकाल यायलाच हवा' असं उत्तर असेल तर तिथे जाऊ नका, संस्था कितीही मोठी असली तरी.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला घराजवळ किती आहे याची अनेकदा कल्पना नसते. परळला एका बाजूला केईएम, तिथून चालत जावं इतक्यावर टाटा मेमोरियल, हाफकिन संस्था, प्रजनन आणि बालआरोग्याची राष्ट्रीय संस्था. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली ती याच मुंबईत. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे मांडला तोही इथूनच. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक, आहे. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवून परत अंगात सोडण्याच्या उपचाराला, ज्याला कार-टी म्हणतात, भारतात पहिली परवानगी ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. तो उपचार आयआयटी मुंबईत घडला आणि टाटा मेमोरियलमध्ये रुग्णांवर तपासला गेला. पुण्यात एनआयव्ही, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, पाषाणला आयसर. राज्याबाहेर पाहायचं तर दिल्लीची राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्था, जी १९८१ साली डॉ. जी. पी. तलवार यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि जिथे कुष्ठरोगावरच्या लशीचं काम झालं, फरिदाबादची टीएचएसटीआय, बंगळुरूची आयआयएससी.

डॉक्टर असाल तर तुमची वाट वेगळी आहे आणि मला तुम्ही या क्षेत्रात फार हवे आहात. एमडीनंतर क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि ऱ्हुमॅटॉलॉजीचं डीएम करता येतं; लखनौचं एसजीपीजीआय यात अग्रेसर राहिलं आहे. ओपीडी सांभाळून आठवड्यातला एक पूर्ण दिवस लॅबसाठी राखून घेता आला तरच संशोधन होतं. नोकरी स्वीकारताना तो दिवस लेखी मागून घ्या.

या कामातला धीर कसला असतो ते सांगायला २०२५ चं वैद्यकातलं नोबेल पुरेसं आहे. अंगच्या प्रतिकारपेशींना अंगावरच उलटण्यापासून रोखणाऱ्या टी-पेशी असतात, ही कल्पना बदनाम झालेली असताना जपानचे शिमोन साकागुची त्याच प्रश्नावर टिकून राहिले आणि १९९५ साली त्यांनी त्या पेशी दाखवल्या. तिकडे अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल एका कंपनीच्या लॅबमध्ये खवलेदार कातडीच्या, लवकर मरणाऱ्या उंदरांचं बिघडलेलं जनुक शोधत होते. गुणसूत्राचा भाग आक्रसत आक्रसत वीस जनुकांवर आला. एकेक तपासलं. दोष विसाव्यात निघाला. त्या जनुकाला त्यांनी फॉक्स-पी-३ नाव दिलं, आणि ते बिघडलं की लहान मुलग्यांना होणारा जीवघेणा आजारही २००१ साली त्याच जनुकाशी जोडला गेला. पुढे दोन्ही धागे एकत्र आले: साकागुचींच्या पेशी घडवणारं जनुक हेच. एकोणीस जनुकांत काही सापडलं नाही तेव्हा ती माणसं थांबली असती तर? तुमच्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी तुम्ही बहुधा अकराव्या-बाराव्या जनुकावर असाल. त्या वर्षी सोडण्याचा निर्णय घेऊ नका, काम करा.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं, कारण पीएचडीची वर्षं आणि घरच्यांच्या लग्नाच्या घाईची वर्षं एकच असतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीच्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपनाची रजा मिळते आणि स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षं जास्तीची मिळू शकतात. काम सुटलेल्या स्त्रियांना परत येण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आणि विज्ञान विभागाची वाइज-किरण या योजना आहेत. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत कॅन्सर आणि कुष्ठरोग या दोन्हींवर काम केलं आणि १९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला; त्या संघटनेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघरही चालवलं. शास्त्रज्ञ बाईला काय लागतं हे त्यांना नीट माहीत होतं. लग्नाआधीच्या बोलण्यात 'सॅम्पल आलं तर रात्री दहा वाजतील' हे वाक्य समोरच्या घराला ऐकवाच.

प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, हे सरळ स्वीकारा. पण हे शास्त्र शिकलेल्याला कामाचा तुटवडा पडत नाही. अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला दाता आणि रुग्ण यांचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळवणारी लॅब लागते. रक्ताच्या कॅन्सरचं निदान फ्लो सायटोमीटरवर होतं. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट आणि हिंजवडीची जिनोव्हा, हैदराबादेत भारत बायोटेक, बंगळुरूत बायोकॉन, अशा कंपन्यांना लस किंवा अँटिबॉडी खरंच काम करते का हे मोजणारी माणसं हवी असतात. तिथे शिस्त, नोंदी, वेळापत्रक यांना विद्यापीठापेक्षा जास्त किंमत आहे. परदेशी पोस्टडॉकला जाणार असाल तर जाताना आपला आजार बरोबर घेऊन जा. क्षयावर किंवा डेंग्यूवर काम करणाऱ्या लॅबमध्ये भारतीय रुग्ण जवळून पाहिलेल्या माणसाचं म्हणणं लोक ऐकतात. परत यायचं असेल तर रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्सच्या फेलोशिप यांच्या तारखा डोळ्यांसमोर असू द्या.

एक गोष्ट कोर्समध्ये नीट शिकवली जातेच असं नाही: संमती घेणं. रुग्णाचं रक्त संशोधनासाठी घेण्याआधी त्याला सगळं सांगून सही घ्यावी लागते. मराठीतला छापील फॉर्म बहुधा असा असतो की वाचणाऱ्याला धडकी भरावी. तो बाजूला ठेवून, खुर्ची ओढून बसून सांगा: "मावशी, तुमच्या उपचारासाठी रक्त काढतायत, त्यातलंच दोन चमचे जास्तीचं आम्हाला हवंय. याने तुम्हाला आज काही फायदा होणार नाही. नाही म्हणालात तरी तुमच्या औषधात काही फरक पडणार नाही." हे शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. बऱ्याच जणी विचारतात, "मग माझ्या सुनेला तरी याचा उपयोग होईल का?" जे खरं असेल तेच सांगा. मग फॉर्म पूर्ण वाचून दाखवा आणि मगच सही घ्या. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात काम करणाऱ्या संशोधकाला मराठी नीट बोलता येणं ही मोठी पात्रता आहे. ती तुमच्याकडे आधीच आहे.

सुरुवात कशी करायची? शास्त्र अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करा. त्याशिवाय तीन लॅब निवडा आणि प्रत्येकीला वेगळी ईमेल लिहा. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी पॅशनेट' अशा एकाच मजकुराच्या ईमेल गाईडला रोज येतात आणि त्या वाचल्या जात नाहीत. तुम्ही त्यांचा एक पेपर वाचा, त्यातली एक आकृती निवडा आणि त्या आकृतीबद्दल एक खरा प्रश्न विचारा. पुढे दोन ओळीत स्वतःबद्दल, कोणत्या आजारात रस आहे ते, आणि कोणत्या महिन्यात किती आठवडे येऊ शकता ते. एका पानाचा बायोडेटा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, नंतर चौथ्या लॅबकडे वळा.

आणि कुठल्याही लॅबमध्ये माणसाच्या रक्ताला हात लावण्याआधी हिपॅटायटिस-बीच्या लशीच्या तिन्ही मात्रा झाल्या आहेत का ते घरी विचारा. झाल्या नसतील तर पहिली मात्रा याच आठवड्यात घ्या. दुसरी महिन्याने आणि तिसरी सहा महिन्यांनी असते, म्हणजे उन्हाळ्यात लॅबमध्ये जायचं असेल तर सुरुवात दिवाळीच्या आधीच व्हायला हवी. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी तपासून घ्या. ती दहाच्या (mIU/mL) वर आली की तुमच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेचा पहिला रिपोर्ट तुमच्या फाइलला लागला.